फ्रोसोचा बास आणि तळणीचा दंड

फ्रोसो वरागुली एका दिवसात अठरा खोल्या लावते. चादरीचा कोपरा ती असा दुमडते की पाहुण्याला तो मोडायचा जीव होत नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण फ्रोसो कोण आहे यावरून सरकारदरबारी पुढे जो घोळ झाला, त्यात ही साधी गोष्ट कुणाच्याच ध्यानात राहिली नाही.

मी त्याच हॉटेलच्या लॉन्ड्रीत आहे, एकवीस वर्षं. शाळा सहावीपर्यंत. कायदा मी वाफेच्या इस्त्रीशेजारी उभी राहून वाचला, पानं ओली व्हायची. आता आमच्या भागातल्या सगळ्या हॉटेलांतल्या बायका अडल्या की माझ्याकडे येतात आणि मी त्यांच्यासाठी भांडते. भांडण मला चांगलं येतं. फ्रोसो माझी कुंबारा आहे, म्हणजे माझ्या लेकीच्या बाप्तिस्म्याला तिनेच तिला हातावर घेतलं. आमच्याकडे हे नातं सख्ख्या बहिणीपेक्षा वर असतं, कारण बहीण निवडता येत नाही.

परदेशी पाहुणे ज्याला कॉर्फू म्हणतात त्या आमच्या केर्किरा बेटावर वर्षाचे दोन तुकडे असतात. एप्रिल संपताना हॉटेलं उघडतात आणि ऑक्टोबरअखेर बंद होतात. शेवटचा पाहुणा बोटीत बसला की खिडक्यांना फळ्या ठोकतात आणि आम्ही सगळे एका दिवसात बेकार. बेकार म्हटलं की जगाचे चेहरे उतरतात, आमचे खुलतात. उन्हाळाभर पुढे ढकललेली लग्नं तेव्हा लागतात, उन्हाळाभर गिळलेली भांडणं तेव्हा होतात, आणि जैतुनाची झाडं खाली पसरलेल्या काळ्या जाळ्यांत आपसूक फळं टाकत राहतात. त्या महिन्यांत आम्हाला बेकारभत्ता मिळतो. तो कुणाची मेहेरबानी नाही. उन्हाळाभर आमच्याच पगारातून कापलेलं ते आमचंच आहे. हे वाक्य मी इतक्यांदा बोलले आहे की आमची मांजरसुद्धा झोपेत म्हणेल.

आणि हिवाळ्यात असतो बँड.

आमच्या स्किनारी गावात चारशे माणसं आणि बावन्न वाजवणारे. बँडची संस्था शंभर वर्षांहून जुनी. मूल नऊ वर्षांचं झालं की त्याच्या हातात वाद्य देतात, फुकट, आणि त्या दिवसापासून माणसाची ओळखच ती. लग्न जुळवताना पहिला प्रश्न, "मुलगा काय आहे?" उत्तर, "दुसरा कॉर्नेट," म्हणजे लहान पितळी कर्णा वाजवणाऱ्यांतला दुसरा. मग तो पोस्टात आहे की बोटीवर, हे नंतर. आमच्या स्मशानात थडग्यांवर नावाखाली वाद्य कोरलेलं असतं. एका थडग्यावर नावच नाही, नुसता मोठा ढोल आहे, आणि तो कुणाचा हे सगळ्यांना माहीत आहे.

फ्रोसो आहे बास. बास म्हणजे बँडमधलं सगळ्यांत थोरलं पितळी धूड. अंगाभोवती अजगरासारखं गुंडाळून घ्यायचं आणि छातीतला सगळा वारा त्यात ओतायचा. तो आधी तिच्या नवऱ्याचा होता. चौदा वर्षांपूर्वी नवरा जर्मनीला कामाला गेला आणि तिथेच दुसरीकडे रमला. तसं पत्र आलं त्याच आठवड्यात संस्थेचे अध्यक्ष बार्बा-आर्सेनिस तिच्या दारात उभे राहिले. बार्बा म्हणजे काका. हे धंद्याने न्हावी, मनाने सेनापती. म्हणाले, "पोरी, वाईट झालं. पण बास संस्थेचा आहे, तेवढा घेऊन जातो."

फ्रोसो दारातच आडवी झाली. "एकाच आठवड्यात घरातून एक माणूस गेला आणि आता भोंगाही? जमायचं नाही. हा फुंकतात कसा, ते दाखवा."

एकोणचाळीस वर्षांची होती. पहिल्या महिन्यात त्यातून जे आवाज निघाले त्यांमुळे शेजारच्या कोंबड्यांनी अंडी देणं बंद केलं. सहा महिन्यांत ती नवऱ्यापेक्षा बरी वाजवायला लागली आणि दोन वर्षांत बार्बा-आर्सेनिस उघड म्हणायला लागले की जर्मनीने आपल्यावर उपकार केले.

आता तो फॉर्म.

आजवर आम्ही भत्त्याचा अर्ज गावातून शहरात जाऊन करत होतो. खिडकीत बसणारी बाई बेटावरचीच, शेजारच्या गावच्या बँडमध्ये क्लॅरिनेट. तिला काही सांगावं लागायचं नाही. "फ्रोसो, खोल्यांवरच ना अजून?" एवढं विचारून ती उरलेलं स्वतः लिहायची. ती निवृत्त झाली. सप्टेंबरमध्ये तिच्या जागी मुख्य भूमीवरून, त्रिकाला शहराकडून, केरामिदास नावाचा अधिकारी आला आणि अर्ज संगणकावर गेले. हिशेबनीस लोकांनी लगेच दुकानं थाटली, अर्ज भरून देतो म्हणून. माझं डोकं फिरलं. मी पत्रकं छापली, गावोगाव वाटली. त्यावर लाल शाईत लिहिलं होतं: स्वतःचा अर्ज स्वतः भरा. खरं लिहा. काही लपवू नका. लपवलं की सापडता.

फ्रोसोने ते पत्रक फ्रीजला चिकटवलं आणि समोर बसून अर्ज भरला. तीन आठवड्यांनी निरोप आला: अर्ज स्थगित. अर्जदार अन्यत्र कार्यरत असल्याचे दिसते.

मी धावत तिच्याकडे गेले. ती चुलीशी उभी राहून तिखट मिरची घालून रानभाजी परतत होती.

"काय लिहिलंस तू अर्जात?"

"खरं लिहिलं."

"म्हणजे काय, नीट सांग बये."

"त्यांनी विचारलं, सध्या कुठल्या संस्थेत पद आहे का? मी लिहिलं, आहे. कुठलं? बास. कधीपासून? चौदा वर्षं, एकही सण न चुकवता." तिने भाजी हलवली. "एवढंच लिहायला जागा होती. नाहीतर मागच्या ईस्टरला मी तापात वाजवलं तेही लिहिणार होते."

मी खुर्चीवर बसले. कपाळावर हात मारला.

"अगं, पद म्हणजे नोकरी! पगाराचं काम!"

"मग पगार विचारायचा ना. पद कशाला विचारतात? मला आयुष्यात दुसरं कुठलं पद मिळालंय?"

चूक तिची नव्हती. स्किनारी गावातल्या कुणीही तेच लिहिलं असतं. खरं म्हणजे आणखी चौघांनी लिहिलंही होतं, पण त्यांचे दोन कॉर्नेट, एक बासरी आणि एक झांजा साहेबांच्या नजरेतून सुटले. बास एवढा मोठा की तो कुठे लपत नाही, कागदावरसुद्धा.

तिला पैशांपेक्षा दुसरी भीती होती. अथेन्सला तिची बहीण एका दवाखान्यात साफसफाईला आहे. तिने सांगून ठेवलं होतं की इथे हिवाळ्यापुरती एक जागा रिकामी आहे, भत्ता नाही आला तर ये, पण बारा डिसेंबरपर्यंत कळव, त्यांना थांबायला वेळ नाही. गेली तर फ्रोसोचा सगळा हिवाळा गेला. बँड गेला, नाताळात गावोगाव वाजवत फिरणं गेलं, आणि उन्हाळा परत इथेच, अठरा खोल्या. म्हणजे बारा महिने नुसत्या फरशा आणि चादरी. तिच्या दारामागे मी बॅग पाहिली, भरलेली, वर दोरी बांधलेली.

वाट पाहण्याचे ते दिवस मात्र तिने रडत काढले नाहीत. तिची स्वतःची बारा जैतुनाची झाडं आहेत. सकाळी जाळी गोळा करायची, दुपारी रानात पालेभाजी खुडायची, संध्याकाळी तालीम. शेजारीण अंडी द्यायची, फ्रोसो तिला तेल द्यायची. मच्छीमाराच्या बायकोला ती शिवण करून द्यायची आणि रात्री ताटात मासे असायचे. रोजंदारीवर जायची सोय नव्हती, कारण एक दिवस जरी कुठे लागली असती तरी अर्ज कायमचा मेला असता. म्हणून ती दिवसभर घाम गाळायची आणि कायद्याच्या भाषेत काहीही करत नव्हती.

"कशी आहेस?" असं रस्त्यात कुणी विचारलं की सांगायची, "सरकारच्या मते मी दोन नोकऱ्या करते. म्हणून दमलेय."

बार्बा-आर्सेनिसनी ठरवलं की हे प्रकरण एका पत्रात मिटवतो. ते तीन दिवस दुकानाला कुलूप लावून पत्र लिहीत बसले. गावातले पुरुष वाढलेल्या दाढ्यांनी फिरत होते. पत्र मी नंतर वाचलं. त्यात लिहिलं होतं: "श्रीमती वरागुली या आमच्या संस्थेचा आधारस्तंभ असून त्यांच्यावाचून संस्था एक पाऊलही टाकू शकत नाही. त्यांची सेवा अमूल्य व अखंड आहे."

केरामिदासने ते पत्र वाचून फाइलला लावलं आणि कळवलं की अखंड सेवेचा पुरावा मिळाला आहे.

"बार्बा!" मी दुकानात जाऊन ओरडले. एक गिऱ्हाईक अर्ध्या दाढीत होतं. "तुम्हाला लिहायला कुणी सांगितलं होतं?"

"मी काय खोटं लिहिलं? तिच्यावाचून पाऊल पडतं का? तूच सांग."

"पगार देत नाही, एवढं एक वाक्य लिहायचं होतं!"

बार्बांनी वस्तरा थांबवला. "पगार?" त्यांचा चेहरा खरोखर गोंधळला. "कशाचा पगार?"

त्यांच्या मनात पगाराचा विचारच आलेला नव्हता. देवळात मेणबत्ती लावायचा पगार असतो का, तसं. अर्धी दाढी झालेलं गिऱ्हाईक म्हणालं, "पूर्ण करा हो आधी," आणि मी दार आपटून बाहेर पडले.

मग मी साहेबाला फोन केला. फोनवर तो वाईट बोलला नाही, हे मान्य करते. म्हणाला, "बाई, सोपा मार्ग आहे. त्यांनी त्या पदाचा राजीनामा लिहून द्यावा. एक ओळ पुरे. दहा दिवसांत भत्ता सुरू."

मला तो मार्ग पटला. लाज वाटते, पण पटला. मी कागद लिहून तिच्यासमोर ठेवला. "सही कर. नुसता कागद आहे. बास काय कागद वाचतो? तू तालमीला ये, वाजव, कुणी बघत नाही."

फ्रोसोने कागद वाचला आणि त्यावर लसूण सोलायला घेतला.

"सही नाही करणार."

"का? खोटा राजीनामा आहे."

"खोटा म्हणूनच. तू उद्या मला म्हणशील, फ्रोसो, कागदावर मेलीस असं लिही, पेन्शन मिळेल. मी लिहिणार नाही. मला जित्याजागत्या माणसाने कागदावर मरणं आवडत नाही."

"मग जा अथेन्सला! पूस दवाखान्याच्या फरशा!" मी ओरडले.

"जाईन. पण बास म्हणून जाईन." तिने लसणीची पाकळी माझ्याकडे फेकली. "आणि तू कुठली गं पुढारीण? लाल शाईत खरं लिहा म्हणतेस आणि निळ्या शाईत खोटं लिहून आणतेस?"

मी दोन दिवस तिच्याकडे फिरकले नाही. तिसऱ्या दिवशी तीच आली, हातात माझ्यासाठी भाजीचं भांडं आणि डोळ्यांत काहीतरी सापडल्याची चमक.

"स्तामातेला, दंडाची वही," ती म्हणाली.

मी उडालेच. दंडाची वही! बावन्न माणसं आणि आमच्या कुणाच्या डोक्यात आली नव्हती.

आमच्या संस्थेत तालमी उन्हाळ्यातही चालतात, आणि जो तालीम चुकवतो त्याला दंड होतो. दंड पैशात नाही. बारा डिसेंबरला संत स्पिरिदोनाचा दिवस असतो, त्याच्या आदल्या दिवशी सगळ्या बेटावर तिगानीतेस तळतात, आंबवलेल्या पिठाची गोल भजी, वर मध. वर्षभरात जितक्या तालमी चुकल्या तितक्या पराती भजी त्या माणसाने बँडसाठी तळायची. वहीत तारीख, वाद्य, कारण आणि दंड लिहितात. कारण लिहिणं सक्तीचं, कारण शंभर वर्षांपूर्वी कुणीतरी ठरवलं की कारण न सांगता न येणारा माणूस मेलेला धरावा.

दहा डिसेंबरला केरामिदाससमोर सुनावणी होती. आम्ही तिघं बसने निघालो: मी, उशीच्या अभ्र्यात वही गुंडाळून बार्बा-आर्सेनिस, आणि बास गळ्यात घेऊन फ्रोसो. त्याच्या एका खटक्याची दुरुस्ती शहरात करायची होती, म्हणून. बसवाल्याने विचारलं, "याचं तिकीट?" फ्रोसो म्हणाली, "अर्धं घे, अजून शाळेत जातो."

कार्यालयात रांगेतले सगळे वळून बघायला लागले. दारावरचा पहारेकरी म्हणाला, "हे काय आणलंत?"

"माझी नोकरी," फ्रोसो म्हणाली. "साहेबांना बघायची आहे."

केरामिदास चाळिशीचा, सडसडीत, टेबलावर सगळं सरळ रेषेत मांडणारा. बास आत आला तेव्हा त्याने खुर्ची जरा मागे घेतली.

"बसा. तुम्ही लिहिलंय की तुमच्याकडे पद आहे."

"आहे ना."

"आणि अध्यक्ष लिहितात की तुमच्यावाचून संस्था एक पाऊल टाकू शकत नाही."

"खरंच आहे साहेब. बास थांबला की पुढच्यांचे पाय चुकतात. एकदा मला शिंक आली तर झांजवाला पाद्र्यावर जाऊन आदळला."

"मग हे काम झालं."

"काम नाही हो, बास आहे."

त्याने चष्मा काढून पुसला. "मोबदला काही मिळतो?"

"मिळतो," फ्रोसो म्हणाली. मी टेबलाखालून तिचा पाय दाबला. ती म्हणाली, "पाय काढ. मिळतो साहेब. सणाला दोन सळ्या भाजलेलं मांस, पाव आणि वाइन. वाइन बार्बांनी वाढली तर तिच्यात पाणी."

"हे धादांत खोटं आहे," बार्बा-आर्सेनिस उठून उभे राहिले.

"खाली बसा," साहेब म्हणाला. त्याने लिहून घेतलं: दोन सळ्या.

"आणि बदल्यात हे द्यावं लागतं," फ्रोसो म्हणाली आणि तिने अभ्र्यातून वही काढून सरळ रेषेत, त्याच्या पेनाशेजारी ठेवली.

त्याने वही उघडली. मी उलटीकडूनही वाचू शकत होते, बार्बांचं अक्षर एवढं मोठं आहे. "चौदा जुलै. बास गैरहजर. कारण: हॉटेलात दुहेरी पाळी. दंड: तळणे." पान उलटलं. "एकवीस जुलै. बास गैरहजर. कारण: पाहुण्यांची बोट उशिरा आली, चादरी राहिल्या. दंड: तळणे." पान उलटलं. "चार ऑगस्ट. बास हजर, पण झोपलेला. कारण: अठरा खोल्या. दंड: अर्धी परात."

तो वाचत राहिला. बाहेरची रांग खोकत होती.

"या एका उन्हाळ्यात सव्वीस वेळा?" त्याने विचारलं.

"या वर्षी जरा कमीच आहे," फ्रोसो म्हणाली. "मागच्या वर्षी माझे हात कोपरापर्यंत पिठात होते."

"म्हणजे ते तुम्हाला काही देत नाहीत. उलट तुम्ही..."

"तळते."

"दरवर्षी?"

"चौदा वर्षं."

"आणि तरी जाता?"

फ्रोसोने बास मांडीवर जरा सरकवला. "साहेब, तुम्ही सुट्टीच्या दिवशी काय करता?"

बहुतेक असा प्रश्न त्याला त्या खुर्चीत कुणी विचारला नव्हता. "झोपतो."

"त्रिकालाला असतानाही झोपायचात?"

"तिथे भाऊ आहेत. आम्ही पत्ते खेळायचो."

"पैसे लावून?"

"नाही, नाही. हरला तो सगळ्यांसाठी स्वयंपाक..." आणि मध्येच त्याचं त्यालाच कळलं. ओठ दाबून तो हसू आवरायला लागला, पण खांदे हलत होते.

मग त्याचं बोट वहीवर एका तारखेशी थांबलं. त्याने संगणकाकडे बघितलं, परत वहीकडे. हसू गेलं.

"हा रविवार आहे. हाही. हॉटेलने यांना दर रविवारी सुट्टी दाखवलीय."

मी उभीच राहिले. "घ्या! लिहून घ्या! एकवीस वर्षं मी घसा फोडतेय की हे लोक सात दिवस राबवतात आणि सहा दाखवतात! पुरावा आणा म्हणायचे, हा घ्या पुरावा, तेलाचे डाग असलेला!"

"बाई, मला माझं काम शिकवू नका."

"कुणीतरी शिकवायला हवंच होतं. तुम्ही बासला नोकरी समजलात!"

"स्तामातेला," फ्रोसो म्हणाली, "बस."

मी बसले. साहेबाने एकेक पान स्वतः झेरॉक्स केलं, शिपायाला दिलं नाही. हॉटेलला त्याने दुसऱ्याच दिवशी नोटीस धाडली. तो वेगळा लढा आहे, अजून चालू आहे आणि मला त्यात फार मजा येते आहे.

"अर्जाचं काय?" बार्बांनी विचारलं.

"वरिष्ठांची सही लागते. निर्णय नियमाप्रमाणे कळवला जाईल."

"कधी?"

"नियमाप्रमाणे."

फ्रोसो उठली, बास अंगावर चढवला. दारातून वळून म्हणाली, "साहेब, परवा बारा तारीख. सगळ्यांना सुट्टी आहे. झोपू नका, स्किनारीला या, दंड खायला."

"मी काही घेऊ शकत नाही. ती लाच होईल."

"लाच कसली? दंड आहे दंड. सरकारला दंड कधीपासून नकोसा झाला?"

अकरा तारखेला दुपारपासून बँडच्या दालनात कढई चढली. फ्रोसो ओल्या मुठीतून पीठ दाबून काढायची, चमच्याने गोळा तेलात सोडायची आणि मी मध ओतायची. सगळ्या भिंतींवर जुन्या वाजवणाऱ्यांचे फोटो, सगळ्यांच्या मिशा तेलकट झाल्यासारख्या दिसत होत्या. पोरं गरम भजी पळवत होती. बासरीवाल्या म्हातारीने हिशेब ठेवला, एकोणिसावी परात झाली, अजून बाकी होत्या, तरी टाळ्या पडल्या. कुणीतरी कॉर्नेट काढला, मग सगळे वाजवायलाच लागले, आणि फ्रोसो एका हातात झारा घेऊन तोंडाने बास गायला लागली, भूं-भूं, भूं-भूं.

त्यात तिचा फोन वाजला. बहीण. हात पिठाचे, म्हणून मी कानाला धरला.

"अगं ठरलं का? उद्या संध्याकाळी मी त्यांना नाव देणार. नाहीतर दुसरी बाई घेतील."

"उद्या सांगते," फ्रोसो कढईकडे बघत म्हणाली. "वाजवून झाल्यावर."

फोन बंद झाला. पुढचे सात गोळे तिने जरा जास्त जोरात तेलात सोडले.

बारा तारखेला आभाळ धुतल्यासारखं स्वच्छ होतं. बँड चौकातून देवळाकडे निघाला. निळा कोट, सोनेरी दोरी, डोक्यावर पिसांचं शिरस्त्राण, आणि शेवटच्या ओळीत फ्रोसो, बासच्या वेटोळ्यातून फक्त गाल दिसणारी. बार्बा-आर्सेनिस पुढे काठी घेऊन, गावाच्या दाढ्या स्वच्छ केलेल्या. मी फुटपाथवरून बरोबरीने चालत होते. मला तिची बॅग आठवत होती आणि मी प्रत्येक सूर मोजून घेत होते, कदाचित शेवटचा म्हणून.

बेकरीच्या कोपऱ्यावर केरामिदास उभा होता. सुट्टीचा स्वेटर घातलेला, हातात भज्यांचा कागद, हनुवटीवर मध. ओळ समोरून जायला लागली तसा तो टाचा उंचावून बघायला लागला. फ्रोसो जवळ आली आणि तो सरळ रेषेत वस्तू मांडणारा माणूस सगळ्या गावादेखत ओरडला, "वरागुली बाई! सही झाली! काल झाली! मंजूर!"

फ्रोसोच्या तोंडात बास होता. हसता येईना, बोलता येईना, हात सोडता येईना. जे काही आत दाटून आलं त्याला बाहेर पडायला एकच वाट होती. त्या वाटेने ते आलं: एक लांब, जाडजूड, आनंदी भों, जो कुठल्याही पानावर लिहिलेला नव्हता. क्लॅरिनेटवाले दचकले, ढोल एक ठोका चुकला, झांजवाला पुन्हा पाद्र्याकडे झुकला पण या वेळी सावरला. बार्बा-आर्सेनिसनी चालता चालता मान वळवून असं बघितलं की एखाद्याची मिशी गळून पडावी. मी रडत होते की हसत होते मला माहीत नाही. साहेबाने घाबरून विचारलं, "माझं काही चुकलं का?"

"तुमचं नाही," मी म्हटलं. "खा."

वाजवणं संपल्यावर दालनात सगळे शिरस्त्राणं काढून बसले. बार्बांनी सगळ्यांसमोर वही उघडली, चष्मा लावला आणि मोठ्याने बोलत लिहिलं, "बारा डिसेंबर. बास. चुकीचा सूर, भर चौकात, संताच्या दिवशी. चौदा वर्षांत पहिलाच." मग फ्रोसोकडे बघितलं. "कारण?"

"मंजूर झाला," फ्रोसो म्हणाली.

"कारण: मंजूर झाला," बार्बांनी लिहिलं. "दंड: तळणे. नाताळात, गावोगाव फिरायच्या आधी. तीन पराती."

बावन्न माणसांनी पाय आपटले. फ्रोसोने फोन काढला, बहिणीचा नंबर लावला आणि एका कानावर हात ठेवून ओरडली, "हॅलो? अगं, यायला जमणार नाही. मला दंड झालाय!"